गुणवत्ता व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र: धंद्याला त्याचा खरा उपयोग किती?

सुटा_नट

नमस्कार. आमचा यंत्रभाग बनवण्याचा छोटा कारखाना आहे. दोन पाळ्या मिळून ४० माणसे काम करतात आणि जवळजवळ सगळा माल तीनच ग्राहकांकडे जातो. त्यांपैकी सर्वांत मोठ्या ग्राहकाने नुकतेच कळवले आहे की, ज्या पुरवठादाराकडे आयएसओ ९००१ चे प्रमाणपत्र नसेल, त्याला पुढील वर्षापासून नवीन भागांच्या चौकशा पाठवल्या जाणार नाहीत. माझ्या भागीदाराच्या मते यात विचार करण्यासारखे काही नाही. सल्लागार नेमावा, तो फाइली तयार करून देईल, प्रमाणपत्र भिंतीवर लावावे आणि आपण आपल्या कामाला लागावे.

माझे मन मात्र तयार होत नाही. एवढा वेळ आणि पैसा घालायचाच असेल, तर त्यातून चौकशी मिळण्यापलीकडे काही पदरात पडते का, हे मला समजून घ्यायचे आहे. प्रमाणपत्रानंतर ज्यांचे रिजेक्शन खरोखर कमी झाले किंवा मुळीच झाले नाही, अशा दोन्ही प्रकारच्या लोकांचे अनुभव वाचायला आवडतील. आमच्याकडे परत येणारा माल फार नाही, पण प्रत्येक वेळी तो का आला हे शोधता शोधता आठवडा जातो आणि शेवटी ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’ असे लिहून आम्ही विषय संपवतो.

रात्रपाळी

पहिला फायदा चौकट बनवणाऱ्याला होतो, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

निळी_शाई

वरचा विनोद मला लागू पडतो, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्या पहिल्या नोकरीत भिंतीवर प्रमाणपत्र होते आणि दर वर्षी ऑडिटच्या आदल्या रात्री आम्हा तीन नव्या मुलांना थांबवून घेतले जाई. उष्णोपचाराच्या भट्टीच्या तापमानाची नोंद दर तासाला करायची असा नियम होता आणि वहीत तीन-तीन महिन्यांची पाने कोरी असत. ती आम्ही भरत असू. आकडा ८५० च्या आसपास ठेवायचा, पण सगळीकडे तोच लिहायचा नाही, अधूनमधून ८४६, ८५३ असे पेरायचे, अशी आम्हाला शिकवण होती. एकदा सगळी पाने एकाच निळ्या पेनाने लिहिली गेली, तेव्हा वरिष्ठांनी रागावून मधली काही पाने काळ्या शाईने पुन्हा लिहून घेतली. ऑडिटरने वही चाळली, मान डोलावली आणि पुढे गेले.

पुढे एका ग्राहकाकडे आमचे भाग तडकले. त्या लॉटच्या आठवड्यात भट्टीत काय झाले होते, हे पाहण्यासाठी सगळे जण त्या वहीभोवती जमले. पान उघडले, तर अक्षर माझे होते. भट्टी त्या आठवड्यात खरोखर बिघडली होती की नाही, हे आजही कोणाला सांगता येणार नाही. वही कोरी असती तर निदान आपल्याला माहिती नाही हे तरी कळले असते. कोऱ्या पानापेक्षा खोटे भरलेले पान कारखान्याला अधिक महागात पडते, हे मी तेव्हा शिकलो. त्यामुळे तुमच्या भागीदारांचा मार्ग फुकटचा आहे असे समजू नका.

निवृत्त_तपासनीस

मी बरीच वर्षे एका प्रमाणन संस्थेसाठी ऑडिट केले आहे. @निळी_शाई यांनी वर्णन केलेली वही मीही पाहिली आहे आणि काही वेळा ती माझ्या नजरेतून सुटलीही असणार, हे आधीच मान्य करतो.

मूळ लेखकासाठी थोडी प्रत्यक्ष माहिती देतो, कारण अनेकांना आपण काय विकत घेतो आहोत हेच ठाऊक नसते. प्रमाणपत्राचे चक्र तीन वर्षांचे असते. सुरुवातीचे ऑडिट दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात तयारी पाहिली जाते आणि दुसऱ्यात प्रत्यक्ष काम. त्यानंतर दर वर्षी देखरेखीचे ऑडिट असते आणि तिसरे वर्ष संपण्यापूर्वी पुनर्प्रमाणन होते. ऑडिटला किती दिवस द्यायचे याचे मार्गदर्शक कोष्टक माणसांच्या संख्येवर ठरलेले आहे. २६ ते ४५ माणसांसाठी दोन्ही टप्पे मिळून चार दिवस धरले जातात, त्यात कामाच्या स्वरूपानुसार थोडे कमी-जास्त होते. देखरेखीला साधारण याच्या एक तृतीयांश वेळ मिळतो. म्हणजे तुमच्याकडे वर्षातून दीड दिवसापेक्षाही कमी वेळ बाहेरचा माणूस येणार आणि उरलेले सगळे दिवस तुमचे तुम्ही असणार. एवढ्या वेळात मी नमुना पाहू शकतो, चौकीदारी करू शकत नाही.

सल्लागाराबाबत एक पथ्य पाळा. प्रमाणन संस्थेने स्वतःच सल्ला द्यायचा नाही, असा त्यांच्यासाठीच्या १७०२१ या मानकाचा स्पष्ट दंडक आहे. ‘सल्ला, फाइली आणि प्रमाणपत्र, सर्व काही एकाच ठिकाणी’ अशी जाहिरात दिसली तर तिकडे फिरकू नका. शिवाय २०१५ च्या आवृत्तीत गुणवत्ता पुस्तिकेची सक्ती राहिलेली नाही. तरीही अनेक सल्लागार जुनीच जाडजूड पुस्तिका कंपनीचे नाव बदलून देतात. एका लोखंडाच्या कारखान्याच्या पुस्तिकेत मला ‘रुग्णांच्या तक्रारी’ असे प्रकरण सापडले होते.

शुद्धलेखक

थोडे विषयाच्या कडेने लिहितो. आपल्याकडे बातम्यांत ‘आयएसओ मानांकन मिळाले’ असे सर्रास लिहितात. मानांकन म्हटले की वाचकाच्या मनात श्रेणी, दर्जा, पहिला क्रमांक असे काहीतरी येते. वास्तविक ९००१ मध्ये श्रेणी नाही. गरजा पूर्ण होतात किंवा होत नाहीत, एवढेच तिथे ठरते. दुसरे असे की, आयएसओ ही संस्था स्वतः कोणालाच प्रमाणपत्र देत नाही. १९४७ पासून तिचे काम मानके प्रसिद्ध करण्याचे आहे आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था स्वतंत्र असतात. प्रमाणपत्र व्यवस्थेचे असते, मालाचे नसते, म्हणून प्रमाणनाची मुद्रा मालावर छापायलाही परवानगी नाही. शब्दांचा हा घोळ निरुपद्रवी वाटतो, पण ‘आमचा माल आयएसओ आहे’ ही विक्रेत्याची भाषा त्यातूनच जन्माला येते.

रात्रपाळी

@शुद्धलेखक, भिंतीवरची चौकट ही व्यवस्था आहे की माल, याचाही एकदा खुलासा करावा.

खरेदी_विभाग

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते. नवीन पुरवठादार निवडताना प्रमाणपत्र मागणे हे आमच्या कामाचे पहिले पाऊल आहे आणि ते का मागतो हे प्रांजळपणे सांगते. आमच्याकडे एका भागासाठी वीस पुरवठादारांची नावे येतात आणि प्रत्यक्ष जाऊन पाहण्याइतका वेळ चार जणांपुरता असतो. वीसाचे चार करण्यासाठी काहीतरी चाळणी लागते. प्रमाणपत्र असलेला पुरवठादार चांगलाच असतो असे आम्ही समजत नाही. त्याच्याकडे रेखाचित्राची आवृत्ती, मोजमापाची साधने आणि तक्रारींची नोंद यांबद्दल बोलायला कोणीतरी असेल, एवढे मात्र गृहीत धरतो.

पण प्रमाणपत्र आम्ही वाचतो, नुसते मोजत नाही. सर्वांत आधी मी व्याप्तीची ओळ पाहते. एका पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर व्याप्ती ‘यंत्रभागांचा व्यापार’ अशी होती आणि तो आम्हाला उत्पादन करून देणार होता. म्हणजे ज्या कारखान्यात आमचा माल तयार होणार, तिथे ऑडिटरने पाऊलही ठेवलेले नव्हते. त्यानंतर पत्ता, मुदत आणि प्रमाणन संस्थेला मिळालेली अधिस्वीकृती. ज्याला सगळे अ‍ॅक्रेडिटेशन म्हणतात तीच ही गोष्ट. प्रमाणपत्र देणाऱ्यावर देखरेख करणारी मान्यताप्राप्त संस्था असते आणि तिची मुद्रा कागदावर नसेल, तर तो कागद कोणीही छापलेला असू शकतो. आता आयएएफ सर्टसर्च या संकेतस्थळावर नाव टाकून पडताळणीही करता येते. मूळ लेखकांनी स्वस्तातले प्रमाणपत्र घेतले, तर माझ्यासारखी एखादी बाई ते दोन मिनिटांत बाजूला ठेवील, हे भागीदारांना जरूर सांगावे.

अर्थात

@खरेदी_विभाग यांनी जे लिहिले आहे, त्याला अर्थशास्त्रात संकेत म्हणतात. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये नोकरीच्या बाजाराबद्दल हा विचार मांडला. समोरच्याची गुणवत्ता थेट दिसत नसेल, तेव्हा जी मिळवणे चांगल्याला सोपे आणि वाईटाला अवघड जाते, अशा खुणेवर लोक विश्वास ठेवतात. टेर्लाक आणि किंग या अभ्यासकांनी २००६ मध्ये हीच कसोटी आयएसओ ९००० ला, म्हणजे ९००१ ज्या मालिकेत येते तिला लावली. प्रमाणपत्रानंतर कारखान्यांची वाढ वेगाने झाल्याचे त्यांना आढळले, पण कामकाजातील सुधारणेने त्या वाढीचा उलगडा होत नव्हता. जिथे ग्राहकाला पुरवठादाराची माहिती मिळवणे अधिक अवघड, तिथे हा परिणाम अधिक दिसला.

दुसरा अभ्यास लेव्हाइन आणि टॉफेल यांचा, २०१० मधला. त्यांनी कॅलिफोर्नियातील प्रमाणपत्रधारक कंपन्यांची तशाच इतर कंपन्यांशी तुलना केली. प्रमाणपत्र घेतलेल्या कंपन्या टिकण्याचे प्रमाण जास्त होते आणि त्यांची विक्री व नोकऱ्याही अधिक वाढल्या. तेव्हा ‘धंद्याला उपयोग होतो का’ याचे उत्तर होय असेच आहे. मात्र तो उपयोग मुख्यतः गिऱ्हाईक मिळण्याच्या बाजूने होतो, रिजेक्शन कमी होण्याच्या बाजूने होईलच असे नाही. तुमचा तीनपैकी एक ग्राहक मागणी करतो आहे, यातच निम्मा निकाल लागला.

काटेकोर

माझा या निष्कर्षाला आक्षेप आहे. जे मालक मुळातच शिस्तीचे असतात, तेच प्रमाणपत्र घ्यायला पुढे येतात आणि त्यांचा धंदा तसाही वाढलाच असता. अभ्यासक आकड्यांची कितीही जुळवाजुळव करोत, मालकाचा स्वभाव कोष्टकात बसत नाही. काँक्रीटची जीवरक्षक जाकिटे बनवणाऱ्यालाही प्रमाणपत्र मिळेल, फक्त प्रत्येक जाकीट लिहिलेल्या पद्धतीने बनवलेले हवे, ही जुनी थट्टा सर्वांना ठाऊक असेलच.

ज्यांना थट्टा पटत नाही त्यांनी फ्रान्समधील पीआयपी कंपनीचे प्रकरण आठवावे. स्तनरोपणासाठीच्या पिशव्यांत त्यांनी औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन भरले आणि २०१० मध्ये ते उघड होईपर्यंत त्यांच्या गुणवत्ता व्यवस्थेची रीतसर तपासणी होत होती. तपासणीची तारीख आधी कळत असे आणि तेवढ्यापुरता नको तो माल दृष्टीआड केला जाई. पुढे २०१३ मध्ये संस्थापकाला शिक्षा झाली. ज्या व्यवस्थेला ठरवून खोटे बोलणारा माणूस ओळखता येत नाही, तिला किती किंमत द्यायची?

निवृत्त_तपासनीस

@काटेकोर, पीआयपीचे उदाहरण योग्य आहे, फक्त ते वैद्यकीय साधनांच्या नियमनाचे आहे, ९००१ चे नव्हे. त्यानंतर त्या क्षेत्रात न सांगता जाऊन तपासणी करण्याची शिफारस युरोपीय आयोगाने २०१३ मध्ये केली, म्हणजे तुमचा मुद्दा त्यांनाही पटला. ठरवून केलेली फसवणूक पकडणे हे नमुना पाहणाऱ्या ऑडिटचे काम नाही आणि जो ऑडिटर तसा दावा करील त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

काँक्रीटच्या जाकिटाचा विनोद मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता त्यावर वादच घालतो. १९८७ आणि १९९४ च्या आवृत्त्यांना तो बऱ्याच अंशी लागू होता, कारण तेव्हा सारा भर ‘लिहा तसे करा आणि करा तसे लिहा’ यावर होता. १९९४ मध्ये तर २० कलमांची यादीच होती आणि ज्यांना डिझाइन नको त्यांच्यासाठी ९००२ वेगळे होते. २००० साली हे सगळे एकत्र करून प्रक्रिया आणि ग्राहकाचे समाधान यांना मध्यभागी आणले. आजच्या मानकात ग्राहकाच्या आणि कायद्याच्या गरजा निश्चित करणे बंधनकारक आहे. जाकीट तरंगले पाहिजे ही गरज ज्याने कुठेच नोंदवली नाही, त्याला मी त्याच टेबलावर मेजर एनसी, म्हणजे मानकाची गरज पूर्ण न झाल्याची गंभीर नोंद, दिली असती.

रात्रपाळी

आणि त्याने ती ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’ असे लिहून क्लोज केली असती.

अदिती_र

@रात्रपाळी यांनी गमतीने लिहिले असले, तरी सर्वांत कामाचे वाक्य तेच आहे. माझ्या अनुभवात या मानकाचा पैशांत मोजता येणारा फायदा एकाच कलमातून येतो आणि ते म्हणजे १०.२, सुधारात्मक कृतीचे. चूक झाल्यावर ती दुरुस्त करणे वेगळे आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून कारण काढून टाकणे वेगळे, एवढाच त्याचा आशय आहे. ‘ऑपरेटरला समज दिली’ हे उत्तर लिहून ज्यांनी शंभर एनसी बंद केल्या, त्यांच्याकडे तीच चूक शंभर वेळा येते.

सुटा_नट यांना माझी सूचना अशी की, प्रमाणपत्राचा निर्णय क्षणभर बाजूला ठेवा आणि गेल्या वर्षी चुकांवर किती खर्च झाला ते मांडून पाहा. फायगेनबॉम यांनी १९५६ मध्येच गुणवत्तेच्या खर्चाचे प्रतिबंधाचा, तपासणीचा आणि अपयशाचा असे भाग पाडून दाखवले होते. अपयशाच्या भागात भंगार आणि रिवर्क तर येतेच, पण परत आलेल्या मालाची वाहतूक, तातडीने पाठवलेला बदली माल आणि तुम्ही म्हणता तो शोधण्यात गेलेला आठवडाही येतो. हा आकडा हिशेबाच्या वहीत कुठेच एकत्र दिसत नाही, म्हणून मालकाला तो नाही असेच वाटते. शिवाय मानक वाचायला आणि वापरायला प्रमाणपत्राची अट नाही. आमच्या संस्थेने दोन वर्षे नुसतेच वापरले आणि मग ऑडिटरला बोलावले.

अर्थात

@काटेकोर यांच्या निवडीच्या आक्षेपात तथ्य आहे आणि अशा अभ्यासांना तो नेहमीच घेता येतो. पण एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. संकेताला किंमत असते ती तो मिळवणे वाईटाला अवघड जाते तोपर्यंतच. आज जगभरात ९००१ ची प्रमाणपत्रे १० लाखांच्या घरात आहेत. ज्या क्षेत्रात सगळ्यांकडेच ते आहे, तिथे असण्याचा फायदा उरत नाही, फक्त नसण्याचा तोटा उरतो. वाहनउद्योगाने १६९४९ आणि विमानउद्योगाने ९१०० अशी स्वतःची कडक मानके याच पायावर उभी केली, त्याचे एक कारण हेच असावे असे मला वाटते.

सुटा_नट

सर्वांचे मनापासून आभार. आठ दिवस उत्तर दिले नाही, कारण अदिती_र यांचा सल्ला मानून मी एकच परत आलेला लॉट घेतला आणि तो शेवटपर्यंत उलगडायचे ठरवले. तक्रार साधी होती. ग्राहकाकडे जुळणी करताना काही भागांच्या भोकात पिन जात नव्हती. आमच्या नोंदीप्रमाणे सगळे भाग तपासून पास झालेले होते आणि आम्ही सवयीप्रमाणे ऑपरेटरचे नाव लिहून मोकळे झालो होतो.

या वेळी मी स्वतः त्या यंत्रापाशी उभा राहिलो. ऑपरेटरने माझ्यासमोर प्लग गेज, म्हणजे भोकाचे माप तपासण्याचे साधन, भोकात घातला. ‘गो’ बाजू भोकात सहज गेली, ‘नो-गो’ अडली, भाग पास. त्याचे काहीच चुकत नव्हते. मग फोरमनच्या कपाटातून त्याच मापाचा न वापरलेला गेज काढला, तर त्याची ‘गो’ बाजू त्याच भोकाच्या तोंडाशी अडकून राहिली. वापरातल्या गेजची ‘गो’ बाजू झिजून बारीक झाली होती आणि म्हणून लहान राहिलेली भोकेही ती आनंदाने पास करत होती. गेजवर ना क्रमांक होता, ना शेवटच्या तपासणीची तारीख. फोरमनने नवा गेज ‘खराब होऊ नये म्हणून’ कुलपात जपून ठेवला होता.

भागीदाराला मी दोन्ही गेज टेबलावर आणून दाखवले. सल्लागाराच्या तयार फाइलींचा विषय त्यानंतर निघालेला नाही. अधिस्वीकृती असलेल्या दोन प्रमाणन संस्थांकडून दर मागवले आहेत आणि पहिला टप्पा आणखी सहा महिन्यांनी ठेवायचा विचार आहे.

निळी_शाई

त्या ऑपरेटरची क्षमा मागितली का?

सुटा_नट

@निळी_शाई, मागितली. त्याने सांगितले की गेज सैल वाटतो असे तो पूर्वी दोनदा बोलला होता. कोणाशी बोलला, हे मात्र सांगितले नाही.

निवृत्त_तपासनीस

उत्तम शोध लावलात, पण काम अर्धेच झाले आहे. मोजमापाचे साधन सदोष निघाले, तर त्याने पूर्वी केलेली मोजमापे कितपत विश्वासार्ह होती हे ठरवून योग्य ती कृती करा, असे कलम ७.१.५ सांगते. त्या गेजने आतापर्यंत किती माल पास केला आणि त्यातला किती अजून ग्राहकाच्या गोदामात पडून आहे?

काटेकोर

या प्रश्नासाठी मी मानकाला पैकीच्या पैकी गुण देतो. प्रमाणपत्राबद्दलचे माझे मत तूर्त तसेच ठेवतो.

सुटा_नट

@निवृत्त_तपासनीस, तुमचा प्रतिसाद वाचून आज ग्राहकाच्या गुणवत्ता विभागाला मीच फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि नेमक्या कोणत्या तारखेपासूनचा माल बाजूला काढायचा, एवढेच विचारले. माझ्याकडे तो गेज विकत घेतल्याच्या बिलाखेरीज दुसरी कोणतीही तारीख नव्हती. त्यामुळे १४ महिन्यांत गेलेल्या मालापैकी जेवढा शिल्लक आहे तेवढा सगळा तपासावा लागणार असून, नवा गेज घेऊन आमची चार माणसे उद्या सकाळी त्यांच्याकडे जात आहेत.